महादयीच्या उगमाकडील माणसे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो. त्यांनी आम्हांला भूगोल आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवले. म्हणून ‘मराठी साहित्यावर बोला’ अशी संयोजकांची सूचना असतानाही मी थोडा भूगोलाकडे वळणार आहे. क्षमा असावी. सर असते तर त्यांना ते आवडले असते, एवढेच माझे समर्थन.

साल १९६२ किंवा १९६३ असावे. विषुववृत्तीय अरण्यांचा धडा चालू होता. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील घनदाट वनांना ‘सेल्व्हास’ म्हणतात, तेथे सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचत नाही, तेथील वस्त्यांचे दळणवळण नदीवर अवलंबून असते, हे आम्ही घोकून पाठ केले होते. सरांनी पुस्तक मिटले आणि विचारले, “आपल्या जिल्ह्यात असे अरण्य आहे का?” वर्गात शांतता पसरली. निपाणीच्या पोरांना जिल्हा म्हणजे तंबाखूची शेते, वखारी, चिकोडीचा रस्ता आणि फार तर बेळगावचा किल्ला. सर म्हणाले, “खानापूरच्या पलीकडे जाऊन या. पुढच्या आयुष्यात कधीतरी जाऊन या.” सरांच्या नोकरीची पहिली दोन वर्षे त्या भागात गेली होती, हे आम्हांला फार नंतर कळले.

मी गेलो, परंतु त्यांनी सांगितले म्हणून नव्हे. पीएच.डी.साठी विषय हवा होता म्हणून गेलो.

निपाणीहून बेळगाव आणि बेळगावहून खानापूर हा रस्ता आपल्या परिचयाचा आहे. खानापूरच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला मात्र जमीन पाहता पाहता बदलते. तांबड्या मातीची कौले भाजणाऱ्या भट्ट्या मागे पडतात, भाताची खाचरे अरुंद होत जातात आणि सह्याद्रीचे सदाहरित रान सुरू होते. याच रानात भीमगडचा शिवकालीन किल्ला आहे. याच रानात देगावजवळ महादयीचा उगम आहे. हीच नदी गोव्यात उतरून पुढे मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. थोड्या अंतरावर, कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. ती मात्र पूर्वेकडे जाते आणि कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. एकाच डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब अरबी समुद्रात जातो आणि हातभर अंतरावर पडलेला दुसरा बंगालच्या उपसागरात. त्या हातभर अंतरावरून पुढे दोन राज्यांमध्ये किती रणकंदन झाले, ते आपण जाणताच. त्याकडे मी नंतर येईन.

पाऊस म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा सांगतो. बेळगाव शहरात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील आमगाव या खेड्यात २०१० साली दहा हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद झाली. चेरापुंजीचे नाव तोंडपाठ असलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना आमगावचे नाव कोणत्याही पुस्तकात भेटले नव्हते. गवाळी, कोंगळे, पास्टोली, तळेवाडी, देगाव, कृष्णापूर, हेम्माडगा, मेंडील ही नावेही नाहीत. डझनभर गावे, त्यांतील काही पंचवीस-तीस उंबऱ्यांची. वस्ती मराठ्यांची, गवळी धनगरांची. भाषा मराठी, पण गोव्याच्या वाऱ्याने ओलावलेली. माझा विषय तीच भाषा होता.

ज्या गावात मी राहिलो, त्याचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. त्याचे कारण पुढे कळेल. महादयीला मिळणाऱ्या एका मोठ्या ओढ्याच्या पलीकडच्या तीरावर ते गाव होते. १९७६ च्या डिसेंबरात मी प्रथम तेथे गेलो आणि पुढील दोन वर्षांत सात वेळा जाऊन राहिलो. शेवटच्या बसथांब्यापासून तीन तासांची पायवाट. वाटेत ओढ्यावर साकव. हा साकव लाकडी ओंडके वेलींनी बांधून दरवर्षी मे महिन्यात गावकरी तयार करीत आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टात ओढा तो घेऊन जाई. पुन्हा पाणी उतरेपर्यंत गाव म्हणजे बेट.

म्हणून त्या गावाचे वर्ष मिरगापासून सुरू न होता मिरगाच्या आधीच्या महिन्यापासून सुरू होई. आगोटीची बेगमी करायची. मीठ, मिरची, सुकी मासळी, रॉकेल, आगपेट्या हे सर्व डोक्यावरून आणायचे. मीठ चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे, नाहीतर ते चार दिवसांत पाणी होऊन जाई. भात घरचे, पण ते दिवाळीपर्यंत पुरेल असे घर गावात एखाददुसरेच. मग नाचणीची आंबील, कुळथाचे कळण, रानातली कंदमुळे. फणस आणि जांभळे उन्हाळ्यात मुबलक. भिरंडाची सोले वाळवून ठेवलेली. घराच्या भिंती कुडाच्या, वर मातीचा लेप. पावसाच्या तोंडच्या बाजूला गवताचे पडदे बांधलेले. चार महिने चूल विझत नसे. घरात सतत धूर. त्या धुराने डोळे गेलेल्या तीन म्हाताऱ्या मी त्या एका गावात पाहिल्या. वनवासाचे रम्य चित्र रंगवणाऱ्यांनी तो धूर एक आठवडा सोसून पाहावा. मीही तसे चित्र पूर्वी रंगवले आहे, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे.

भात पोटरीत आले की राखण. गवे आणि रानडुकरे एका रात्रीत खाचर साफ करतात. झाडावर माच बांधून पुरुष रात्रभर हाकारे देत. पूर्वी हे लोक कुमरी करीत, म्हणजे डोंगरउतारावरील झुडपे तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून दुसरीकडे जायचे. इंग्रजी अमदानीत जंगल राखीव झाले, कुमरीवर निर्बंध आले आणि माणसे ओढ्याकाठच्या अरुंद पट्ट्यांत बांधली गेली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटलेल्या उतारावर कागदोपत्री त्यांचे काही उरले नाही. त्या वेळी मला याचे महत्त्व कळले नाही. ‘कुमरी’ हा शब्द मी वहीत घेतला, त्याचे लिंग, वचन आणि सामान्यरूप लिहिले आणि पुढच्या शब्दाकडे वळलो.

मी ज्या घरी उतरत असे, त्या घरची आजी माझी मुख्य निवेदक होती. मानमोडीच्या साथीच्या वर्षी आपला जन्म झाला, असे ती सांगे. म्हणजे १९१८ चा. अकराव्या वर्षी लग्न होऊन ती या गावात आली. सासऱ्याने कुमरी कोठे कोठे केली, कोणत्या झाडाखाली पहिले घर होते, पटकीच्या साथीत कोणती वाडी उठली, हे सारे तिला मुखोद्गत. माझ्याकडून तिची एकच अपेक्षा असे, ती म्हणजे निपाणीची तंबाखू. खाण्यासाठी थोडी आणि बाकीची पाण्यात कालवून पायांना चोळण्यासाठी. त्या वासाने जळवा चिकटत नाहीत. आपल्या तंबाखूचा असाही उपयोग आहे, हे येथील व्यापारी मंडळींनी ध्यानात घ्यावे.

पावसाचे बोलणे तिच्याकडे विपुल होते. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, हे आपणांस ठाऊक आहेच, परंतु म्हातारा पाऊस लवकर का जात नाही, याचे उत्तर तिने मला दिले : “बसला की उठवत न्हाई त्येला.” नदीला ती ‘न्हय’ म्हणे. महादयी हे नाव तिच्या तोंडी मी कधी ऐकले नाही. न्हय ती न्हय. दुसरी होतीच कुठे? आणि एक शब्दप्रयोग होता, ‘पलीकडे नेणे’. बाजार पलीकडे, शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, कोर्ट पलीकडे. त्यामुळे ‘पलीकडे नेला’ म्हणजे डॉक्टरकडे नेला, असा अर्थ त्या गावात रूढ झाला होता. अर्थविस्ताराचे इतके सुंदर उदाहरण हाती लागल्यावर माझ्यासारख्या तरुण अभ्यासकाला किती आनंद झाला असेल! प्रबंधात मी त्याला पाऊण पान दिले.

१९७८ च्या जुलैमध्ये मी अडकलो. चार दिवसांसाठी गेलेला मी एकोणीस दिवस राहिलो. दोनच दिवसांत साकव गेला. पावसाचा आवाज इतका, की घरातल्या घरात ओरडून बोलावे लागे. कपडे वाळत नसत, कागद मऊ होऊन फाटत, शाई पसरे. म्हणून त्या दिवसांच्या नोंदी माझ्याकडे पेन्सिलीतल्या आहेत.

घरातील सून दिवसांत होती. सतरा तारखेला पहाटे तिला कळा सुरू झाल्या. आजी स्वतः सुईण. गावातील निम्मी पोरे तिच्या हातांवर जन्मलेली. दुपारी मुलगा झाला. परंतु बाईचा रक्तस्राव थांबेना. आजी बाहेर आली आणि ओसरीवर बसलेल्या पुरुषांना म्हणाली, “पलीकडं न्यायाय पायजे.”

दोन बांबूंना घोंगडे बांधून डोली केली. वर इरली धरली. सहा पुरुष आणि मी ओढ्यापर्यंत गेलो. साकवाची जागा केवळ दोन्ही तीरांवरील खुंटांवरून ओळखू येत होती. मधून तांबडे पाणी आणि मुळांसकट उपटलेली झाडे जात होती. दोघांनी कमरेला दोर बांधून उतरण्याचा प्रयत्न केला, दोनदा. मग आम्ही पाणी ओसरण्याची वाट पाहत तीरावर थांबलो. अंधार पडण्याच्या सुमारास ती गेली. तिचे वय वीस-एकवीस असेल. समोरचा तीर आमच्यापासून साठ-सत्तर हात होता.

मुलगा जगला. शेजारच्या घरात एक बाळंतीण होती. तिने आपल्या मुलाबरोबर त्यालाही पाजले.

पुढे पाणी उतरले, मी निपाणीला परतलो आणि प्रबंध लिहिला. १९८० मध्ये पदवी मिळाली. त्याची एक प्रत मी सरांना अभिमानाने नेऊन दिली. सर निवृत्त झाले होते. महिन्याभराने त्यांनी बोलावले. भाषेबद्दल चार चांगले शब्द बोलले. मग एक पान उघडून माझ्यापुढे ठेवले. त्यावर छापले होते : ‘पलीकडे नेणे – (१) नदी ओलांडून नेणे, (२) वैद्यकीय उपचारांसाठी नेणे. निवेदक क्र. ७, स्त्री, वय अंदाजे ६०.’ शेजारी समासात सरांनी पेन्सिलीने लिहिले होते, ‘या बाईचे नाव काय?’

मी त्यांना शास्त्रीय पद्धत समजावून सांगितली. निवेदकाची ओळख न देण्याचा संकेत, नमुन्याचे सर्वसाधारणीकरण, वगैरे. सरांनी शांतपणे ऐकून घेतले. “बरोबर असेल तुझे,” असे म्हणाले आणि चहा मागवला. विषय संपला. निदान मला तसे वाटले.

पुढील तीस वर्षे मी महाविद्यालयात शिकवीत होतो. बोलीभाषांवर व्याख्याने दिली. ‘पलीकडे नेणे’ हे उदाहरण मी किती वर्गांना सांगितले असेल, त्याची गणना नाही. विद्यार्थी हसत. आजी १९८५ च्या सुमारास वारली, असे उडत उडत कळले. मी गेलो नाही.

२०११ च्या उन्हाळ्यात एक तिशीचा गृहस्थ माझा पत्ता शोधत घरी आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. “सर, आज्जी तुमचं नाव सांगायची. तंबाखू आणणारे मास्तर,” तो म्हणाला. तोच तो मुलगा. शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख १ जून १९७७ अशी होती. आपल्यापैकी अनेकांची जन्मतारीख १ जून आहे, मास्तरांनी लावलेली. त्याची खरी तारीख माहीत असलेला, लिहिता-वाचता येणारा एकमेव साक्षीदार मी होतो.

तो जन्मतारखेसाठी मात्र आला नव्हता. २००६ साली वनहक्क कायदा झाला. आदिवासींबरोबर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ यांनाही, कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क सांगण्याची मुभा त्यात आहे. खानापूरच्या रानातील बहुतेक कुटुंबे या दुसऱ्या वर्गात मोडतात आणि त्यांच्यासाठी अट कडक आहे : १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या किमान तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपण तेथे राहत असल्याचे दाखवायचे. म्हणजे १९३० चा पुरावा आणायचा. ज्या गावात कागद चार महिने टिकत नाही, तेथे. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांना हे थोडेफार जाणवले असावे, कारण नियमांत त्यांनी वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली निवेदनेही पुरावा म्हणून मान्य केली, आणि नामवंत संस्थांनी केलेले संशोधनपर अभ्यासही. हे वाचून त्या मुलाला माझी आठवण झाली होती.

मित्रहो, माझ्या वह्यांत सारे होते. सासऱ्याची कुमरी, पहिल्या घराचे झाड, पटकीने उठलेली वाडी, मानमोडीच्या वर्षीचा जन्म, अकराव्या वर्षीचे लग्न, म्हणजे १९२९. कायद्याला हवे ते वर्ष माझ्या अक्षरात, माझ्या कपाटात तेहतीस वर्षे पडून होते. आणि प्रत्येक पानावर शीर्षक होते, ‘निवेदक क्र. ७’. नाव कोठेही नव्हते. गावाचेही नव्हते, त्यालाही मी एक अक्षर दिले होते, ‘ग’. त्याने पाने उलटली आणि सरांचाच प्रश्न अगदी त्याच शब्दांत, निराळ्या कारणाने विचारला. “सर, ह्यात आज्जीचं नाव कुठं आहे?”

मग त्याने भीत भीत विचारले, त्याच्या जन्माच्या दिवशी मी काही लिहिले होते का? मी १७ जुलै १९७८ चे पान काढले. पेन्सिलीचे अक्षर पुसट झाले होते, तरी वाचता येत होते : ‘पाऊस. घरात अडचण. आज शब्दसंग्रह झाला नाही.’

एवढेच.

मी प्रतिज्ञापत्र करून दिले. क्रमांक ७ म्हणजे कोण आणि ‘ग’ म्हणजे कोणते गाव, हे शपथेवर लिहिले. वह्यांच्या छायाप्रती जोडल्या. अर्ज ग्रामसभेतून पुढे गेला. पुढे एका कार्यालयात, ‘संशोधकाने नावे नंतर घातली आहेत’ असा शेरा त्यावर पडला, असे ऐकले. शेरा मारणाऱ्याला मी दोष देत नाही. नावे खरोखरच नंतर घातली होती. तो दावा अजून निकाली निघालेला नाही, म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव मी आज येथे घेतले नाही. त्या कुटुंबाची तशी इच्छा आहे. म्हणजे पुन्हा एकदा मी त्यांना निनावीच ठेवतो आहे. पण या वेळी त्यांना विचारून.

त्याच २०११ सालाच्या डिसेंबरात भीमगड अभयारण्य घोषित झाले. त्याबद्दल मला आनंदच आहे, हे स्पष्टपणे सांगतो. तेथील बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ म्हणून ओळखली जाणारी एक दुर्मीळ जात आहे. १९१३ साली तिची शास्त्रीय नोंद झाली आणि नंतर कितीतरी वर्षे जगात ती फक्त या गुहांतच आढळते, असे मानले जात होते. पुढे कंबोडियात आणि मेघालयातही ती सापडली. वाघ आहेत, गवे आहेत, नागराज आहे. हे रान राहिले नाही, तर मलप्रभा आणि महादयी दोन्ही आटतील. परंतु माझ्या मनात एक टोचणी राहते. त्या वटवाघळाच्या शास्त्रीय नावात ज्या इंग्रज गृहस्थाचे नाव गुंफलेले आहे, ते जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. गुहेची वाट ज्या गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला आजतागायत कोठे वाचायला मिळालेले नाही. म्हणजे मी एकटाच नव्हतो. पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

नदीचेही तेच. कणकुंबीपाशी कळसा नाला आणि नेरसे परिसरातील भांडुरा नाला यांचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडला प्यायला न्यावे, ही कर्नाटकाची योजना. त्याने मांडवी सुकेल, खारे पाणी वर चढेल, ही गोव्याची भीती. २०१० साली लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी तो राजपत्रात प्रसिद्ध झाला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ वीजनिर्मितीसाठी, ३.९० मलप्रभेकडे वळवण्यासाठी आणि दीड टीएमसी खोऱ्यातीलच लोकांच्या गरजेसाठी. हा शेवटचा दीडचा आकडा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारसा आला नाही. धारवाडची तहान खोटी नाही, गोव्याची भीतीही खोटी नाही. मी धारवाडला परीक्षक म्हणून वर्षानुवर्षे जात होतो आणि चार-चार दिवसांनी नळाला येणारे पाणी भरून ठेवण्याची तेथील धांदल पाहिली आहे. परंतु ज्यांच्या अंगणात ती नदी जन्मते, त्यांना तिच्यावर पाणी अडवून नको होते, वळवूनही नको होते. त्यांना एक पूल हवा होता.

सीमाभागाबद्दल बोलल्याशिवाय आपल्याकडे भाषण पूर्ण होत नाही, म्हणून एक वाक्य. १ नोव्हेंबर १९५६ पासून ही गावे कोणत्या राज्यात असावीत, यावर आपण सर्वांनी आपापल्या परीने लढा दिला. मीही दिला, आणि त्याबद्दल मला खंत नाही. पण त्या मराठी गावांत पावसाळ्यात पोहोचायचे कसे, हा प्रश्न आमच्या ठरावांत मला आढळला नाही, आणि ते ठराव लिहिण्यात माझाही हात होता.

जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी स्त्रीला गावकऱ्यांनी भर पावसात लाकडी डोलीत घालून काही किलोमीटर जंगलातून वाहून नेले. ती बातमी छायाचित्रासह सर्वत्र आली. पुढे तिचे निधन झाले. तो फोटो पाहून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. सेहेचाळीस वर्षांत फक्त घोंगडे आणि इरली जाऊन त्या जागी प्लास्टिक आले होते.

त्यानंतर स्थलांतराच्या हालचालींना वेग आला. तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी गाव सोडण्याची तयारी दाखवली. प्रत्येक कुटुंबाला १५ लाख रुपये, अशी ती योजना. मे २०२५ मध्ये पहिल्या हप्त्याचे धनादेश दिले गेले. आमच्या ओळखीच्या काही सुशिक्षित मंडळींनी लगेच पत्रके काढली. काहींनी लिहिले, ‘वन वाचले’. काहींनी लिहिले, ‘एक संस्कृती नष्ट होत आहे’. दुसऱ्या पत्रकावर माझी सही होती.

ते पत्रक घेऊन मी त्या मुलाकडे गेलो. मुलगा म्हणतो, पण आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याचे बिऱ्हाड निम्मे गावात, निम्मे खानापुरात. मुलगी शिकते म्हणून पत्नी खानापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते आणि भातासाठी तो गावी. त्याने पत्रक पूर्ण वाचले. मग अत्यंत आदराने म्हणाला, “सर, तुमच्या घरापासून दवाखाना किती लांब आहे?”

सात मिनिटे. मी चालत जातो.

मी त्याला विचारले, मग तू जाणार का? त्याने सरळ उत्तर दिले नाही. त्याच्या बोलण्यातून मला जे समजले ते असे. पूल आणि रस्ता मिळाला असता, तर गावातील एकही घर उठले नसते. वनहक्क कायद्यातच दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा सोयींसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. त्याला ती कलमासकट पाठ होती. पन्नास वर्षे पूल द्यायचा नाही आणि मग विचारायचे, ‘राहता की जाता?’ हा प्रश्नच त्याला मान्य नाही. पण मुलीला परत त्या ओढ्यापलीकडे नेऊन तिथे तिचे बाळंतपण करण्याचीही त्याची छाती नाही. पंधरा लाखांत खानापुरात घर होते, शेत होत नाही. आणि हक्काचा दावा निकाली निघण्याआधी गाव सोडले, तर तो दावा कशाचा राहतो?

त्याची चुलती तिथेच बसली होती. सत्तरीची बाई. ती म्हणाली, “मी न्हाई जाणार. माझं समदं इथं पुरलंय.” पुतण्या काही बोलला नाही. मीही बोललो नाही. कोणाचे बरोबर, हे मला विचाराल, तर मी सांगणार नाही. तो निर्णय त्यांचा आहे आणि तो त्यांनी पूल झाल्यावर घेतला असता, तर मला अधिक बरे वाटले असते. पत्रकावरील सही मात्र मी दुसऱ्या दिवशी काढून घेतली.

निघताना मी माझ्या मूळ वह्या त्याच्या स्वाधीन केल्या. पाच वह्या. माझ्याकडे आता छायाप्रती आहेत. त्याची मुलगी बेळगावला बी.ए.ला आहे, मराठी घेऊन. तिने ‘पलीकडे नेणे’चे पान वाचले आणि म्हणाली, “आजोबा, आता आम्ही खानापुरातून बोलताना गावालाच ‘पलीकडे’ म्हणतो. बाबा पलीकडे गेलेत, असं.” मी तिला तो अर्थ तेथेच लिहायला सांगितला. तिने तिसरा क्रमांक घालून लिहिला, आणि माझ्या सांगण्याशिवाय खाली आपले पूर्ण नाव, वय आणि तारीख घातली.

मग वही तिच्या वडिलांनी घेतली. प्रत्येक पानावरील ‘निवेदक क्र. ७’ समोर त्याने आजीचे नाव लिहिले. त्याला बराच वेळ लागला. शेवटी १७ जुलै १९७८ चे पान काढले. माझ्या ओळीला त्याने हात लावला नाही. तिच्याखाली शाईने आईचे नाव लिहिले.